बत्तीस मिनिटांचा खवा

मंगळवार, ३ सप्टेंबर. सकाळी ९.१०

आज जे झालं ते क्रमाने.

१. ६.०२. गाळलेलं दहा लिटर दूध कढईत ओतलं. जाळ नेहमीइतका.
२. ६.०३. 'घटिका' सुरू केलं. पहिली आज्ञा गेली. यंत्रहात ढवळू लागला.
३. ६.१५. दुसरी आज्ञा: वेग वाढव. वाढवला.
४. ६.२७. तिसरी आज्ञा: तळ खरवड. खरवडला.
५. ६.३५. चौथी आज्ञा, दुसऱ्या यंत्रहाताला: कढई उतरव, ट्रेमध्ये ओत. उतरवली, ओतलं.
६. कढईत खवा नव्हता. दाटसर दूध होतं. ते ट्रेवरून जमिनीवर आणि जमिनीवरून आप्पांच्या चपलांपर्यंत गेलं.
७. ६.३६. मांजर आलं. त्याला कोणीही आज्ञा दिलेली नव्हती.

निष्कर्ष: चारही आज्ञा सेकंदाला सेकंद बरोबर गेल्या. सॉफ्टवेअर यशस्वी. खवा हा वेगळा विषय आहे.

दुपारी २.००

पुढेमागे मलाच संदर्भ लागेल म्हणून पार्श्वभूमी लिहून ठेवते.

'घटिका' हे माझं सॉफ्टवेअर. कोणत्या मिनिटाला कोणत्या यंत्राने काय करायचं ते त्यात भरायचं. वेळ झाली की ते यंत्राला आज्ञा पाठवतं. आमच्या कॉलेजने जुनी लॅब मोडीत काढली तेव्हा तिथले दोन यंत्रहात मी टेम्पोत घालून घरी आणले. माझे वडील, आप्पा, त्यांना 'पाव्हणे' म्हणतात. आल्या दिवशी चहाला विचारलं होतं.

येरमाळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची खव्याची भट्टी आहे. एक कढई. तिच्यापाशी तीस वर्षं मथुरामावशी उभ्या आहेत. आता त्यांचा उजवा खांदा वर जात नाही. डॉक्टरांनी ढवळणं बंद करायला सांगितलं आहे. म्हणून हा प्रकल्प. भावनेचा प्रश्न नाही, मनुष्यबळाचा आहे.

आप्पांची अट: "घट बसायच्या आत तुझ्या पाव्हण्यांनी खवा करून दावावा. तुळजापूरचे पेढेवाले महालिंगप्पा नवरात्रात रोज वीस किलो उचलत्यात. त्यो माणूस हातचा गेला तर भट्टी विझवायची, आन् तू पुण्याच्या नोकरीला व्हय म्हणायचं."

पुण्याच्या कंपनीला ३० तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. पुण्याबद्दल माझा आक्षेप नाही. त्यांचं पत्र मी फक्त चार वेळा वाचलं आहे.

घट ३ ऑक्टोबरला बसतात. हातात महिना आहे. मला दहा दिवस पुरतील.

बुधवार, ४ सप्टेंबर

कालच्या प्रकाराची कारणमीमांसा. बत्तीस मिनिटं हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. परवा पोळ्याला सलग तीन कढया स्टॉपवॉच लावून मोजल्या. फरक जास्तीत जास्त वीस सेकंद. तीन नमुने, एकच उत्तर.

मथुरामावशींना माहिती म्हणून सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "आगं, पोळ्याला कोण दूध घालाय येतंय व्हय? समद्यांच्या घरी बैलं जेवत्यात, खीर लागती. त्या दिवशी कढईत नुसतं तुमच्या म्हशींचं दूध व्हतं. काल साऱ्या गावाचं आलं."

मग त्याने काय फरक पडतो, असं मी विचारलं. त्या आप्पांकडे बघायला लागल्या. आप्पा चपला धूत होते. तिथूनच म्हणाले, "मथुराबाई, गावच्या दुधाला नावं ठिवायची न्हाईत. सकाळी त्याच लोकान्ला तोंड दावायचं आसतंय."

"म्या कुठं ठिवली?" मावशी म्हणाल्या. "म्या म्हणलं, गावाचं दूध जरा मनमोकळं आसतंय."

'मनमोकळं' हे मोजमाप नाही. नोंद घेतली, दुर्लक्ष केलं. बत्तीस मिनिटं कायम. दूध हळूहळू वेळापत्रकाला सरावेल.

गुरुवार, ५ सप्टेंबर

सुरक्षेसाठी कढईजवळ लाल बटण बसवलं. ते दाबलं की 'घटिका'ची वेळ तिथल्या तिथे थांबते. हात मात्र ढवळत राहतो. पुन्हा दाबलं की वेळ पुढे चालू. काही बिघडलं तर मी आतल्या खोलीतून येईपर्यंत कढई वाया जाऊ नये, हा हेतू. (धुराने लॅपटॉप खराब होतो, म्हणून मी आतल्या खोलीतून नियंत्रण करते. तिथून भट्टी दिसत नाही. दिसण्याची गरजही नाही.)

मथुरामावशींचं काम आता फक्त दूध ओतणं आणि लक्ष ठेवणं. त्यांना प्रशिक्षण दिलं. लाल बटण केवळ धोका असेल तरच दाबायचं.

"धोका म्हंजी?"

खवा बिघडण्याची शक्यता, असं मी सांगितलं.

"बिघडायच्या आधी दाबायचं का बिघडल्यावर?"

आधी, अर्थात.

"मंग जमंल," म्हणाल्या.

प्रशिक्षणाला एकूण चार मिनिटं लागली. माझं समजावणं चांगलं असावं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर. सकाळी ८.००

यश. पहिलीच कढई. खवा पांढरा, रवाळ, तूप सुटलेलं. आप्पांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि काही बोलले नाहीत. आप्पांच्या बाबतीत हे प्रमाणपत्र धरतात.

'घटिका'नुसार वेळ: बत्तीस मिनिटं शून्य सेकंद.

भट्टीतल्या भिंतीवरच्या घड्याळानुसार एकेचाळीस. घड्याळ पुढे जातं आहे. सेल बदलायला हवा.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती बसले. सेल बदलला. घड्याळ अजून पुढे जातं. आज एका कढईला त्याने चव्वेचाळीस मिनिटं दाखवली. नवीन सेलमध्ये जोर जास्त असावा.

रविवार, ८ सप्टेंबर

घड्याळ भिंतीवरून काढून माळ्यावर ठेवलं. चुकीच्या माहितीपेक्षा माहिती नसलेली बरी.

सोमवार, ९ सप्टेंबर

सलग तीन दिवस, अठरा कढया, सगळा खवा उत्तम. एक किरकोळ त्रास. लॉग उघडला की प्रत्येक कढईत आठ-दहा वेळा 'होल्ड' अशी नोंद दिसते. लाल बटणातून येते. वाफेने आतला पत्रा ओला होऊन आपोआप जोडला जात असणार. विजेच्या भाषेत याला गोंगाट म्हणतात.

गोंगाट गाळून टाकणारा कोड लिहिला. चौदा ओळी. आता आलेख सरळ दिसतो, बांधावरून ओढलेल्या दोरीसारखा. प्रिंट काढून देव्हाऱ्याशेजारी लावला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं.

बटण दुरुस्त करायचं राहिलं. गरज वाटत नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

आज गौरी जेवायच्या. मथुरामावशी दोन दिवस घरी. काल जाताना म्हणाल्या, "प्रिया, उंद्या मी न्हाय, तू सोता कढईपशी उभी ऱ्हा बरं." त्याची आवश्यकता नाही, हे मी त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं.

आतल्या खोलीतून तीन कढया काढल्या. कढईपाशी कोणीही नाही. तिन्हींचा खवा उत्तम! बत्तीस मिनिटं. एकही 'होल्ड' नाही. मी खात्रीसाठी माझ्या मनगटावरच्या घड्याळातही पाहिलं. बत्तीस.

म्हणजे (अ) बटणातला दोष आपोआप बरा झाला आणि (ब) कढईपाशी माणूस असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही. 'ब' महत्त्वाचा.

गावातून आज कोणी दूध घातलं नाही, गौरीच्या नैवेद्याला घरीच लागतं. आमच्या चार म्हशींच्या दुधावर भागवलं. याचा निकालाशी संबंध नाही, केवळ नोंद म्हणून.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

काल गौरी विसर्जनाला भट्टी बंद होती. आज मावशी परत आल्या. 'होल्ड'ही परत आले. हा योगायोग मला लगेच लक्षात आला. मावशींच्या हातातल्या बांगड्यांमुळे चुंबकीय क्षेत्र तयार होत असेल का, हे तपासायला हवं. बांगड्या काचेच्या आहेत. प्रश्न खुला ठेवते.

सोमवार, १६ सप्टेंबर

वापरकर्त्याचं मत घेतलं. मथुरामावशी कढईशेजारी स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. डोळा दुधावर. म्हणाल्या, "खांदा दुखंनाच झालाय बघ. परवा आठ वर्सांनी सोताची येणी घातली. तुझ्या पाव्हण्याचा हात लई गुणाचा हाय, पण डोळा न्हाय बिचाऱ्याला."

डोळ्याची गरज नाही, कारण त्याला वेळ कळते, असं मी समजावलं.

"व्हय की," त्या म्हणाल्या. त्यांचा हात बटणावर होता. विसाव्याला ठेवला असावा.

समाधानाची पातळी: उच्च.

शनिवार, २१ सप्टेंबर

महालिंगप्पांचा फोन. गुरुवारी २६ तारखेला सकाळी येतात. यंत्राने केलेला खवा डोळ्यांनी बघायचा आहे. पटला तर नवरात्राचे नऊही दिवस आमचे.

प्रात्यक्षिक पूर्णपणे मानवरहित हवं. कढईपाशी एक बाई स्टुलावर शेंगा सोलत बसली आहे, असं दृश्य असेल तर यंत्राबद्दल शंका येते. शिवाय गौरीच्या दिवशी सिद्ध झालेलंच आहे.

आप्पांना सांगितलं. "आगं, तिला कशाला घालवतीस? बसू दे की कोपऱ्यात. कुणाचं काय खाती?"

मी त्यांना देव्हाऱ्याशेजारचा आलेख दाखवला. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मला ही रेघ कळत न्हाय. मथुराबाई कळती." हा तांत्रिक युक्तिवाद नाही.

बुधवार, २५ सप्टेंबर. रात्री ९.३०

मथुरामावशींना कार्यमुक्त केलं. लेखी पत्र, त्यावर शिक्का, साडी, नारळ. पत्रात 'आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल' असं लिहिलं. त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं, घडी केली, पिशवीत ठेवलं.

"उंद्यापसून यायचं न्हाय?"

विश्रांती घ्या, असं म्हटलं.

"बरं, मॅडम," म्हणाल्या.

आजवर मला प्रिया म्हणायच्या, अगं-तुगं करायच्या. आमचे संबंध आता व्यावसायिक पातळीवर आले आहेत. चांगली गोष्ट आहे. जेवण गेलं नाही, पण दुपारी उशिरा खाल्लं होतं.

गुरुवार, २६ सप्टेंबर. दुपारी १२.४०

महालिंगप्पा ७.३० ला आले. पांढरं धोतर, कपाळावर भस्म, हातात स्टीलचा स्वतःचा डबा. आल्या आल्या विचारलं, "मथुराबाई कुठं हाय?" ही प्रणाली आता मानवरहित आहे, असं मी सांगितलं. "मान काय रहित?" त्यांनी आप्पांना विचारलं. आप्पा लाकडं सारखी करत होते, त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिली कढई. बत्तीस मिनिटं. ट्रेमध्ये जे पडलं ते ट्रेमध्ये थांबलं, एवढी प्रगती. पण त्याला आकार नव्हता.

दुसरी कढई. मी तात्काळ निर्णय घेतला आणि वेळ बेचाळीस केली. नेमकं यावेळचं दूध गावातल्या रणधीरच्या घरचं, आणि रणधीरचं दूध, आज कळलं, मनमोकळं नसतं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला करपल्याचा वास आला. मी आतल्या खोलीतून धावत गेले, तोवर चौथी आज्ञा वेळेवर गेली होती. हातही प्रामाणिक, त्याने ती वेळेवर पाळली.

महालिंगप्पांनी दोन्ही ट्रे शेजारी ठेवून पाहिले. आप्पांना म्हणाले, "बंडप्पा, ह्या ट्रेमधला पेढा प्यावा लागतो, आन् ह्यातला नारळासारखा फोडावा लागतो. देवीपुढं कोन्ता ठिवू?"

आप्पांना हसू आलं नाही. मला वाटलं होतं येईल.

मी त्यांना आलेख दाखवला. त्यांनी तो हातात घेतला आणि त्यावर करपलेल्या खव्याचा तुकडा ठेवून चाखला.

जाताना म्हणाले, "मंगळवारी ह्याच वाटंनं परत जाताना पुन्ना थांबतो. मथुराबाई कढईपशी दिसली तर वीस किलो पक्का. न्हायतर मी सरळ भूमच्या भट्टीवर जातो. राग मानू नको पोरी. यंत्राला काय, त्याला जत्रेतल्या माणसाचं तोंड बघायचं नसतंय."

त्यांचा डबा रिकामाच गेला.

मूल्यमापन: अंशतः यशस्वी. आज्ञा आठपैकी आठ वेळेवर.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आप्पांनी आज भट्टी पेटवली नाही. गावातून आलेलं दूध डेअरीला धाडलं. लाकडावर बसून राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "तू तुझं बघ."

मी माझं बघितलं. चौदा ओळींचा कोड बंद करून लॉग पुन्हा उघडला. ६ ते २५ सप्टेंबर. एक हजार चौऱ्याऐंशी 'होल्ड'.

गोंगाट कसाही येतो. हे तसे आलेले नाहीत. पहिली बारा मिनिटं एकही नाही. त्यानंतर थोडे. शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यात जास्त. कधी वीस सेकंदांचा, कधी चार मिनिटांचा. पहाटेच्या दुधाला जास्त. रणधीरच्या दुधाला जवळपास नाहीतच. १८ तारखेला जाळ मंद होता, ओली लाकडं आली होती. त्या दिवशी प्रत्येक कढईला पंधरा. ११ तारखेला शून्य. ११ तारखेला मावशी घरी होत्या आणि दूध फक्त आमचं होतं.

मी ५ तारखेला दिलेली सूचना शब्दशः पाळली गेली आहे. एक हजार चौऱ्याऐंशी वेळा. बिघडायच्या आधी.

माळ्यावरचं घड्याळ खाली आणून फोनशी ताडून पाहिलं. बरोबर आहे.

'घटिका'त चूक नाही, हे इथे नमूद करायला हवं. त्याने कढई उतरवण्याची वेळ एकदाही चुकवली नाही. ती वेळ कोणती, हे त्याला तिकडून कोणीतरी सांगत होतं, एवढंच.

शनिवार, २८ सप्टेंबर. दुपारी ४.१५

कळलं की येडशी स्टेशनकडच्या गौरीशंकरच्या भट्टीवर मावशी गुरुवारपासून जातात. बसने गेले. कारण दुसरं होतं, स्टेशनवर चौकशी करायची होती. (पुण्याच्या गाड्यांची.)

भट्टी वाटेवरच आहे. म्हणजे फार आडवाटेला नाही.

त्या कढईपाशी उभ्या होत्या. तिथे यंत्र नाही. लांब दांड्याचं उलथणं, दोन्ही हातांनी. उजवा खांदा फडक्याने बांधलेला, बामचा वास दुधाच्या वासात मिसळलेला. दर पाच-सहा फेऱ्यांनी डाव्या हातावर भार घेत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत. त्या वेळी थांबता येत नाही, खवा तळ धरतो. हे मला आता माहीत आहे.

"या, मॅडम. बसा. हितं खुर्ची न्हाय, लाकडावर बसावं लागंल."

मी बसले. खांदा कसा आहे विचारलं.

"खांदा हाय तिथंच हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं पाव्हणं कसं हायत?"

ठीक आहेत, असं सांगितलं.

"एकल्याला सोडू नका त्यान्ला. कामाचा गडी हाय, पण सांगितलं तेवढंच करतो. माझ्या थोरल्या जावयागत."

शेजारची बाई खो-खो हसली. मावशीही हसल्या आणि हसताना खांद्याला हात लावला.

मी बटणाबद्दल विचारलं. तुम्ही मला तेव्हाच का सांगितलं नाही, असं.

"काय सांगायचं? तुमी म्हणलात धोका दिसला तर दाबा. मला दिसला. म्या दाबलं. तुमी कागद देव्हाऱ्यापशी लावला, खुशीनं तुमचं तोंड हे एवढं मोठं झालं. म्हणलं, पोरगी हितंच ऱ्हाती तर ऱ्हाऊ दे."

एवढ्यात त्यांची कढई उतरायला आली. खवा कडेपासून सुटला होता, मला दिसला नाही, त्यांना दिसला. मी एका बाजूने कढई धरायला मदत केली. चटका बसला. किरकोळ.

परत या, असं म्हणायला मी गेले होते, हे आता लिहायला हरकत नाही. म्हटलं नाही. विषय निघाला नाही. पावणेचारची बस पण होती.

स्टेशनवर गेले नाही.

रविवार, २९ सप्टेंबर. सकाळी १०.२०

पुण्याच्या पत्राला उत्तर लिहायला बसले. दोन ओळी झाल्या. बाजूला ठेवलं.

मावशींना पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'दि. २५ रोजीचा कार्यमुक्ती आदेश रद्द करण्यात येत आहे' असं होतं. फाडलं. दुसऱ्यात आलेख जोडला होता. तोही फाडला. तिसरा इथे उतरवून ठेवते. आप्पा येडशीला निघाले आहेत, त्यांच्या हाती देते. आप्पा म्हणाले, "तोंडानं सांगायला काय हुतंय तुला?" मला लिहिणं जास्त अचूक जमतं, असं सांगितलं. ते म्हणाले, "दिसलं की," आणि पायताण घालून दारात उभे राहिले.

मथुरामावशींना नमस्कार.

खवा तुम्ही करत होता. यंत्र फक्त ढवळत होतं. हे मला शुक्रवारी कळलं. त्याआधी कळायला हवं होतं.

बुधवारी तुम्हाला पत्र दिलं ती माझी चूक होती. ते फाडून टाका. साडी ठेवा.

तुम्ही परत यावं, अशी विनंती आहे. ढवळायचं, खरवडायचं, कढई उतरवायची, हे यंत्र करेल. खांद्याला काम पडणार नाही. कधी थांबायचं आणि कधी उतरवायचं ते तुम्ही सांगायचं. मी आतल्या खोलीत बसणार नाही. तुमच्याशेजारी बसून बघेन. शिकवाल तर शिकेन, पण ती अट नाही.

तुम्ही आला नाहीत तर महालिंगप्पा भूमला जातील आणि आप्पा भट्टी बंद करतील. हे तुमच्यावर दडपण आणायला लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते. तुम्ही नाही म्हणालात तरी खांदा दाखवायला मी तुम्हाला बार्शीला घेऊन जाणार आहे.

महालिंगप्पा मंगळवारी सकाळी येतात. मलाही एका ठिकाणी उद्याच उत्तर द्यायचं आहे. म्हणून हो किंवा नाही, जे असेल ते सोमवार, ३० सप्टेंबरला संध्याकाळी पाचच्या आत कळवा.

प्रिया